कौशल्याच्या रकान्यात रेघ

सरांनी वेताच्या छडीनं माझ्या पिंढरीवर दोनदा टकटक केलं. मग शेजारच्या खुर्चीतल्या सेक्रेटरीसाहेबांना म्हणाले, "बघा की. दगडच हाय. वडाराची पोरगी. जन्मापासून ओझं उचलतात ही."

सेक्रेटरीसाहेब हसले. मीही हसले. तेरा वर्षांची होते. मला वाटलं, कौतुक चाललंय.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका क्लबाचं बास्केटबॉलचं मैदान. नव्या मुली निवडायची चाचणी होती. शाळेतल्या पीटीच्या बाईंनी मला पाठवलेलं, कारण वर्गात सगळ्यांत उंच मीच. आधी पळवलं. मग बोटांना खडू लावून भिंतीशी उड्या मारायला लावल्या. माझा ठिपका सगळ्यांच्या वर. सर क्लबाचे प्रशिक्षक, ते कागदावर लिहीत होते. पाणी प्यायला टेबलामागून गेले तेव्हा तो कागद दिसला. दोन रकाने. एकावर लिहिलेलं 'शारीरिक क्षमता', दुसऱ्यावर 'कौशल्य'. माझ्या नावापुढं पहिल्या रकान्यात दहापैकी दहा. दुसऱ्यात आडवी रेघ.

तोवर चेंडू कुणाच्याच हातात दिलेला नव्हता.

क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांची मुलगी अनघा माझ्याच वयाची. तिच्या नावापुढं उलटं. उडीत चार, कौशल्यात नऊ. सर तिला लहानपणापासून ओळखत होते, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. मला ते न ओळखताच ओळखत होते.

माझी निवड झाली. घरी पळत आले. अम्मा एका बांधकामावर माल कालवायला जायची. हातावर सिमेंट तसंच वाळलेलं, त्याच हातानं तिनं माझ्या तोंडात साखर घातली. आप्पा खाणीवर दगड फोडायचा. त्यानं विचारलं, "काय काम हाय तितं?" मी म्हटलं, "काम न्हाय आप्पा, खेळ हाय." तो म्हणाला, "बघ बाई."

त्याला आधीच कळलं होतं बहुतेक. कारण तिथं मला कामच लागलं.

बोर्डावर आपटून परत येणारा चेंडू उंच उडी मारून पकडायचा. पकडला की लगेच अनघाला द्यायचा. तीच तो घेऊन पुढं जाणार, तीच ठरवणार कुणाला द्यायचा, तीच कड्यात टाकणार. चार वर्षं मी हेच केलं. बाकीच्या मुली चेंडू आपटत आपटत खांबांमधून वळणं घ्यायला शिकायच्या तेव्हा मी मैदानाच्या कडेला उड्या मारायचे. पन्नास उड्या. मग पायऱ्या चढ-उतर. मग परत उड्या. एकदा मी रांगेत जाऊन उभी राहिले, चेंडू आपटायला. सर तिथूनच ओरडले, "ए, तू कुठं? तुझं काम उडी. ते डोक्याचं काम हाय, ते राहू दे."

सगळ्या मुली हसल्या. मी रांगेतून बाहेर आले. गपचूप उड्या मारल्या.

जिंकलो की पेपरात अनघाचं नाव यायचं. 'चतुर खेळी.' माझं आलंच तर 'ताकदीच्या जोरावर'. एकदा तर 'दांडगाई' असा शब्द होता. मी तो कापून वहीत चिकटवला होता. अर्थ नीट कळला तेव्हा पानच फाडलं.

पंधरा-सोळाची असताना एकदा आप्पाला विचारलं. तो जेवायला बसला होता. मी म्हटलं, "आप्पा, आपल्या लोकांत डोकं नसतंय का?"

त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "कोन म्हनलं?"

मी सांगितलं. रविवारी तो मला सोबत घेऊन खाणीवर गेला. ट्रॅक्टरएवढ्या एका काळ्या दगडापाशी उभं केलं. म्हणाला, "फोड." मी सुतकी, दगड फोडायचा मोठा घण, उचलली. घातली. घातली. दहा-बारा घाव घातले. दगडाला काही झालं नाही, माझे हात मात्र कोपरापर्यंत झिणझिणले. मग आप्पानं दगडावर पाणी टाकलं. ओल्या दगडावरून तळवा फिरवला, जसा म्हशीच्या पाठीवरून फिरवावा. एका ठिकाणी थांबला. कान लावला, छोट्या हातोडीनं टिचकी मारली, परत दोन बोटं सरकून मारली. छिन्नी धरली. चार ठिकाणी हलके घाव. मग सुतकीचा एकच. दगड पाव कापावा तसा सरळ दोन झाला.

"दगड ताकदीनं फुटत न्हाय," तो म्हणाला. "ताकदीनं दांडा मोडतोय. शीर बघावी लागती. ती दिसाय लागायला मला सा वर्सं गेली." मग घाम पुसत त्यानं मला विचारलं, "हे तुजा सर बघून काय म्हनला असता?"

मी म्हटलं, "ताकद."

तो हसला. मला हसता आलं नाही. माझ्या बापाच्या हातातली सहा वर्षांची विद्या, आणि हे म्हणणार दगड. अनघाच्या अंगणात पाचव्या वर्षापासून बोर्ड लावलेला, शिकवायला माणूस यायचा, आणि ती म्हणे जन्मजात हुशार. आम्ही शिकलेलं ते रक्तातलं, आणि त्यांना विकत मिळालेलं ते डोक्यातलं. हा हिशेब कुणी मांडला? मला तेव्हा पहिल्यांदा सरांचा राग आला. त्याआधी फक्त स्वतःचा यायचा.

आप्पानं खाणीवरच्या वेल्डरकडून लोखंडाचं एक कडं वाकवून आणलं आणि वस्तीतल्या चिंचेच्या झाडावर ठोकलं. त्याला माप कुठलं ठाऊक. कडं खऱ्यापेक्षा चांगलं दोन बोटं लहान होतं. क्लबानं टाकून दिलेला एक गुळगुळीत चेंडू मी मागून घेतला. पहाटे उठून मी त्या लहान कड्यात चेंडू टाकायला लागले. खडकाळ जमिनीवर चेंडू आपटला की कुठंही उडायचा, म्हणून हात आपोआप तयार झाला. वर्षभर कुणाला सांगितलं नाही. क्लबात तशीच उड्या मारत राहिले. चेंडू घ्यायचा, द्यायचा. मनात दिवस मोजत होते.

सतराव्या वर्षी राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आमच्याच मैदानावर झाली. बाहेरगावाहून दोन निवडकर्ते आले होते, एक बाई आणि एक गृहस्थ. सरांनी माझ्याकडं बोट करून त्यांना सांगितलं, मी चार पावलांवर उभी असताना, "हिला फक्त बोर्डाखाली बघा. अंग जबरदस्त हाय. चेंडू हातात ठेवला की गोंधळ घालती."

सामना सुरू झाला. अनघा त्या दिवशी समोरच्या संघात होती. पहिलाच चेंडू बोर्डावरून परत आला, मी पकडला. माझ्या बाजूची मुलगी हात पुढं करून उभी. सर कडेनं ओरडले, "दे! दे!"

मी दिला नाही.

आपटत निघाले. पहिली मुलगी आडवी आली, तिला डावीकडं चकवलं. अनघा समोर आली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. टेबल चालायला लागल्यावर माणूस बघतो तसं. तिच्या बाजूनं वळले, तीन गुणांच्या रेषेबाहेरच थांबले आणि तिथून टाकला. चेंडू कड्याला न लागता आत गेला. वस्तीतल्या कड्यापुढं हे कडं मला परातीएवढं मोठं दिसत होतं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चेंडू मधल्या रेषेवरून एका मुलीला असा दिला की तिच्या हातात पडेपर्यंत कुणाला कळलं नाही.

सर खेळ थांबवून आत आले. माझ्या हातातला चेंडू ओढून घेतला. "माजलीस का गं? तुला हितं डोकं चालवायला आणलंय का?"

चार वर्षांत मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "खेळायला आलेय सर. ओझं उचलायला न्हाय."

"बाहेर हो."

"चेंडू द्या. चाचणी संपली न्हाय."

त्यांनी हात उगारला. मारला नाही, कारण पाहुणे बघत होते. मी जागची हलले नाही. शेवटी दोन मुलींना सांगून मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी निवडकर्त्या बाईंकडं बघितलं. त्यांनी सगळं पाहिलं होतं, तीनही वेळा. त्यांनी मान खाली घालून कागद सारखे केले.

संघात अनघा गेली. माझ्या नावापुढं शेरा होता, 'शिस्त नाही'. नळापाशी अनघा भेटली. म्हणाली, "तू भारी खेळलीस गं. पण सरांना असं बोलायचं नसतं ना." ती वाईट नव्हती. तिला कधी तसं बोलायची गरजच पडली नव्हती.

मी क्लब सोडला. मला रडू आलं नाही, हे मी आजही अभिमानानं सांगते. घरी जाताना मी एकच गोष्ट ठरवत होते. ह्या माणसाला हरवायचं. एकदा नाही.

त्याला बारा वर्षं लागली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, एका सरकारी शाळेत खेळाची शिक्षिका झाले. शाळेला मैदान होतं, बोर्ड नव्हते. वेल्डर गाठला. यावेळी मापही मीच दिलं, दोन बोटं लहान. पोरी आल्या. कुणाची आई विड्या वळते, कुणाचा बाप मागावर आहे, कुणाचा रिक्षा चालवतो. मी कुणाची उंची मोजली नाही. उंच पोरीला आधी चेंडू आपटायला शिकवलं आणि बुटकीला आधी उडी मारायला. म्हटलं, ज्याला जे जमणार नाही असं जग म्हणतंय, ते आधी.

रिक्षावाल्याची यास्मिन सगळ्यांत बुटकी. माझ्या खांद्याच्या खाली. घरी दखनी बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि मैदानात दोन्ही एकत्र. तिला उडी जमत नव्हती, पण समोरची मुलगी कुठल्या पायावर भार देतेय हे तिला आधी दिसायचं. शीर दिसायची तिला. तिच्या पायात ताकद यायला दोन वर्षं गेली. मग ती थांबेना.

गेल्या वर्षी सर शाळेत आले. केस पांढरे झालेले, क्लब तोच. माझ्या टेबलासमोर बसले. मला ओळखलंच नसल्यासारखं आधी बोलले, मग म्हणाले, "अरे, तू आमचीच की! आमच्या क्लबानंच घडवलं तुला." मग मुद्द्यावर आले. "त्या दोन उंच पोरी आमच्याकडं पाठव. अंग चांगलं हाय. बूट, कपडे, सगळं क्लब बघंल. बाकीचं मी शिकवतो. आणि ती बुटकी कशाला ठेवलीस? उगं जागा अडवती."

मी चहा मागवला नाही. म्हटलं, "जिल्ह्याच्या स्पर्धेत भेटू सर. बुटकीला तितं नीट बघून घ्या."

अंतिम सामना त्यांच्या क्लबाशीच आला. त्यांच्याच मैदानावर. पालक मोबाईल धरून पायऱ्यांवर बसलेले. सर कडेला उभे, तोच आवाज. "दे! दे!" त्यांच्याही संघात एक दणकट मुलगी होती, बोर्डाखाली. चेंडू घ्यायची, द्यायची. तिच्याकडं बघवेना.

यास्मिननं त्यांना दमवलं. तिच्यावर दोघी सोडल्या, तिनं दोघींमधून चेंडू काढला. उंच पोरींनी लांबून टाकले. मध्यंतराला त्यांच्या दुप्पट गुण आमचे होते. सर माझ्याकडं आले. आवाज खाली. "आता बाकीच्या पोरींना उतरव की. आमच्या पोरी लहान हायत. लोक बघतायत. एवढं कशाला ताणायचं?"

मी म्हटलं, "माझ्याबी लहानच हायत."

तिसऱ्या भागात त्यांची एक मुलगी खेळता खेळता रडायला लागली. मला वाईट वाटलं का? वाटलं. तिचा काही दोष नव्हता. तरी मी माझ्या पाचही जणी मैदानातच ठेवल्या. मी देवमाणूस नाही. मला सूड हवा होता, आणि तो असाच घेता येतो, दिवसाढवळ्या, नियमात, सगळ्यांच्या देखत.

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा यास्मिन कडेला पाणी प्यायला आली. गुणफलकाकडं बघून मला म्हणाली, "टीचर, लई झालं ना? अब बस करूं क्या?"

"दमलीस का?"

"नै."

"मग खेळ."

ती खेळली. शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळली.

सामना संपल्यावर मी आधी त्यांच्या त्या दणकट मुलीपाशी गेले. तिला माझ्या शाळेचा पत्ता सांगितला, संध्याकाळची वेळ सांगितली. म्हटलं, "ये. तुला चेंडू मिळंल." सरांनी ते ऐकलं. त्यांचं तोंड उतरलं. तरी फोटोवाले जवळ आले तशी त्यांनी हसून माझ्यापुढं हात केला.

मी हात मागं ठेवले. फोटोवाला थांबला. पायऱ्यांवरचे लोक बघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पुढच्या वर्षी या सर. त्याच्या पुढच्या वर्षी पण या. तुमी मैदान सोडेपर्यंत मी हरवणार हाय."