व्याह्यांचा फेटा

लेकीचं लग्न अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत ठरलं, तेव्हा पुण्याहून फेटे मी मागवले. आमच्याकडच्या पुरुषांसाठी राणी कलरचे आणि होणाऱ्या व्याह्यांसाठी एकच राखाडी. व्याही ब्लॅक, सव्वासहा फूट उंच, जन्मभर बस चालवलेले. असा माणूस गुलाबी काही डोक्यावर घेणार नाही, हे मी परस्पर ठरवून टाकलं. बायको म्हणाली, "त्यांना विचारा तरी." मी कसला विचारतोय!

लग्नाच्या सकाळी व्याही गाडीतून उतरले ते नखशिखांत गुलाबी. गुलाबी सूट, गुलाबी बूट, वर गळ्यात मोत्यांची माळ. मी बघतच राहिलो.

ते हसले. म्हणाले, "माझे वडील कायम राखाडीच घालायचे. ब्लॅक पुरुषाने कडक दिसावं, रंगीत घालून लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये, असं त्यांचं म्हणणं. नोकरीत असेपर्यंत मीही तेच पाळलं. रिटायर झालो आणि आधी हा सूट शिवून घेतला. आमच्या पोरांना तर असले प्रश्न पडतसुद्धा नाहीत."

मग त्यांचं लक्ष खोक्यातल्या त्या एकट्या राखाडी फेट्याकडे गेलं. "हा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो आणि माझा राणी कलरचा फेटा त्यांच्या डोक्यावर चढवला. काय रुबाबदार दिसले!

लग्न झकास झालं. आता अल्बममधला माझा राखाडी फेटा बघून कोणी काही विचारलं, की बायको गंभीरपणे सांगते, "ह्यांना गुलाबी चालत नाही हो. पुरुष आहेत ना!"