अकराच्या भोंग्याला रडणारी बेबी

इकडे ये वं पुष्पा, जवळ बस. लेकीला शाळेत टाकलं अन् तूच घरी येऊन रडतेस, हे मला शेजारणीकडून कळावं? आयुष्यभर बालवाडी चालवली ना मी. मला नाही विचारायचं? ऐक आता.

आमची बालवाडी मिलच्या मागच्या गल्लीत. बेबी तीन वर्षांची, मिलच्या पाळणाघरातून नुकतीच आमच्याकडे आलेली. सकाळी हसत यायची, मणी ओवायची. अकराचा भोंगा झाला की दारात बसकण मारायची अन् उलटी होईपर्यंत रडायची. दहा दिवस हेच. आमच्या हेडबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत पाहा. नाही तर नाव कमी करा."

नाव कमी म्हणजे तिची आई कुसुम घरी. ती मिलमध्ये रिळिंगला होती. सुताच्या लडी गुंडाळतात, ते खातं. अन् पाळणाघरवाले तीन वर्षांच्या वर पोर ठेवत नसत.

मला वाटलं, भूक लागत असेल. डबा आधी दिला. मग बिस्कीट, मग गोष्ट. काही उपयोग नाही.

बुधवारी मी पाळणाघरात गेले. तिथल्या मावशींनी सांगितलं, अकराला जेवणाच्या सुटीचा भोंगा होतो, तेव्हा बायका लेकरांना पाजायला येतात. बेबीची आईही रोज यायची. मग मावशी हळूच म्हणाल्या, "अन् बाई, कुसुम अजून येते. रिकाम्या झोळीपाशी बसते, न जेवता परत जाते."

घ्या! मी पोरीला औषध देत होते, अन् दुखणं दोघींचं होतं.

संध्याकाळी कुसुमला म्हटलं, उद्या अकराला आमच्या मागच्या भिंतीपाशी ये. आत यायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं ऐकायचं. घंटा वाजली तर ती बेबीच वाजवतेय समज.

"अन् मले राहवलं नाही तं?"

"तर शनिवार आहेच."

गुरुवारी डबा खायच्या वेळी वाजवायची पितळी घंटा मी बेबीच्या हातात दिली. सांगितलं, मिलचा भोंगा झाला की आपली घंटा. तू वाजवल्याशिवाय कोणी डबा उघडणार नाही.

भोंगा झाला. बेबीचे ओठ थरथरले. सगळी पोरं डब्यावर हात ठेवून तिच्याकडे पाहत होती. एक म्हणाली, "वाजव ना वं, भूक लागली."

दोन्ही हातांनी वाजवली तिनं. थांबेचना. हेडबाई बाहेर आल्या.

"रडली नाही?"

"वेळ कुठाय तिला?"

मी मागे धावले. कुसुम तोंडावर पदर धरून हसत होती. "बाई, थांबूनच नाही राहिली ना पोट्टी!" अन् तिथंच भिंतीला टेकून तिनं आपला डबा उघडला. सोमवारपासून खात्यातल्या बायकांसोबत जेवायला लागली. बेबीचं नाव तर पुढे दोन वर्षं माझ्या हजेरीत राहिलं.

तेव्हापासून एक शिकले. नवं लेकरू रडलं की आधी त्याची माय त्या वेळी कुठं बसते, ते पाहायचं.

बरं, चहा घे. अन् या रविवारी लेकीला घेऊन ये. ऊन तापायच्या आत ये, म्हणजे दिवसभर राहता येईल.