मंतराविना बसलेला खांदा

टोकावड्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथली गुणाबाई हाडं बसवायची. खाटेवर घालून आणलेलं माणूस तिच्या हातून चालत घरी जायचं, अशी तिची ख्याती. ही विद्या तिनं आपल्या सुनेला, पारूला दिली. पाला कसा वाटायचा, सांधा कसा चाचपायचा आणि ओढताना वाडवडलांचा मंतर कसा पुटपुटायचा, सगळं.

अठ्ठ्याण्णव साली पारूनं बाप्तिस्मा घेतला आणि घरात ठिणगी पडली. बाप्तिस्मा देणारे पास्टर तिला म्हणाले, "पाला देवानं केला, हात देवानं दिले. ते सोडू नकोस. मंतर तेवढा सोड." पारूनं सोडला. झालं! मंतराविना हाड बसतं होय, म्हणत लोकांनी पाठ फिरवली. गुणाबाईनं तर बोलणंच टाकलं. एका छपराखाली दोन चुली झाल्या. पण पारू बधली नाही. बाईच तशी, शब्द दिला म्हणजे दिला!

पुढल्या भातकापणीत गुणाबाई बांधावरून घसरली आणि तिचा खांदा निखळला. मुरबाडच्या दवाखान्याचं नाव काढताच म्हातारी कडाडली, "जन्मभर लोकांची हाडं बसवली, आता डाक्तरापुढं खांदा धरू?" मग राहिलं कोण? पारूच. तिनं तेल कोमट केलं, सासूला भुईवर निजवलं.

"आधी मंतर म्हण," गुणाबाई कण्हत म्हणाली.

"नाय म्हणणार, आत्याबाई."

"मग नुसते ओठ तरी हलव गो! माझ्या जिवाला तेवढाच धीर."

पारूचे डोळे भरून आले. जिनं विद्या दिली तीच समोर तळमळत होती, आणि मागत काय होती, तर नुसते ओठ! "तुमाला फसवून हात लावू? ते मला जमायचं नाय. तुमचा मंतर तुमी म्हणा. मी माझ्या देवाला हाक मारते."

म्हातारीचं पित्त खवळलं. "सटवे, कूळ बुडवलंस! कुणी शिकवलं तुला हे सगळं? मीच ना?" तोंडाचा पट्टा सुरू झाला. पारूला सासूनंच दिलेला धडा आठवला: बोलण्याच्या नादात माणूस दुखणं विसरतं, अंग सैल सोडतं. तिनं काखेत टाच टेकवली आणि हात सावकाश ओढला. खट्!

शिवी अर्ध्यावरच राहिली. गुणाबाईनं बोटं हलवून पाहिली.

"अगो, मंतर तर राहिलाच," ती म्हणाली. पारूला हसू आलं आणि रडूही.

महिन्याभरानं पाड्यातला बुधू पाय मुरगळून आला आणि उंबऱ्यापाशी घुटमळला. "ही मंतर म्हणत नाय ना?"

ओटीवरून गुणाबाई खेकसली, "नाय म्हणत. पण खोटंही नाय बोलत. बस खाली, पाय दे तिच्या हातात."