कपाटातला दुसरा रेझर

बाबुशच्या घरात दाढीचे रेझर दोन. एक मोरीच्या खिडकीत, दुसरा कपाटाच्या वरच्या खणात, पत्र्याच्या डब्यात. मोरीतला त्याचा स्वतःचा. त्याची अवस्था काय सांगावी! जाळीत साबणाचा चुना साचलेला, मुठीला गंज, आणि पातं कधी बदललं ते मालकालाच आठवत नव्हतं. त्याची बायको आपोलिना म्हणायची, ह्यानं तर कोणी बकऱ्याचेही केस काढणार नाही. डब्यातला मात्र लख्ख. तो मेलेल्या माणसांचा होता.

दचकू नका. मालवणपासून थोडं आत असलेल्या त्यांच्या वाडीत ख्रिस्ती घरातला पुरुष गेला, की त्याला आंघोळ घालतात, कोट-पाटलोण चढवतात आणि पेटीत ठेवण्याआधी दाढी करतात. देवासमोर काय खुंट वाढवून जायचं? सलूनवाले असल्या कामाला येत नाहीत, घरच्यांचे हात कापतात. बाबुशचा हात कापत नसे, म्हणून चाळीस वर्षं हे काम त्याच्याकडे. तसा तो शाळेतला शिपाई, आता निवृत्त. पण घरात कोणी शेवटचे श्वास मोजायला लागलं, की लोक फादरच्या पाठोपाठ त्याचीच आठवण काढत.

काम उरकलं की तो त्या घरी चहासुद्धा घेत नसे. रुमालात गुंडाळलेला रेझर खिशात घालून तडक घरी यायचा. मूठ, जाळी, वरचं झाकण, असे तीन भाग सुटे करायचे. पातं कागदात बांधून माडाखाली पुरायचं. मग कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. जाळीच्या दातांतला केस न् केस काढायचा. पांढरा थर दिसला, तर आपोलिनाच्या माडाच्या व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं बुडवायचा. त्या व्हिनेगरवरून एकदा घरात असलं भांडण झालं, की तेव्हापासून त्याची बाटलीच वेगळी. शेवटी फडक्यानं पुसून उन्हात ठेवायचा आणि आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. इथली हवा खारी, आळस केला की गंज चढलाच.

पण बाबुश गंजाला भीत नव्हता. तो भीत होता वाळलेल्या केसाला.

म्हाताऱ्या इनासची दाढी केली त्या दिवशी तो दमून तसाच झोपला. सकाळी रेझर उघडला तर आत केस वाळलेले. त्यानं धुतले, पण आठव्या दिवशी इनासची धडधाकट सून विहिरीवर पाणी काढता काढता बसली ती उठलीच नाही. तुम्ही म्हणाल योगायोग. बाबुशही तेच म्हणाला. पुढं स्टॅनलीच्या वेळी वादळानं घरावरची कौलं उडाली, धावपळीत रेझर तीन दिवस तसाच राहिला. महिन्याच्या आत स्टॅनलीचा धाकटा भाऊ गेला. मग बाबुश योगायोग म्हणेनासा झाला. ज्याचा केस त्यात वाळतो, त्याच्या घरातलं आणखी एक माणूस जातं, आणि वाळल्यावर कितीही घासलं तरी उपयोग नाही. हे त्याला कळलं होतं, आणि त्यानं ते फक्त आपोलिनाला सांगितलं होतं.

यंदाच्या मे महिन्यात त्यांचा एकुलता एक मुलगा एल्रॉय सुट्टी संपवून बोटीवर परत निघाला. मंगळवारी रात्री कुडाळहून गाडी, बुधवारी मुंबईहून विमान. त्याच बुधवारी बाबुशनं पावसाआधी तेल घालायला म्हणून डबा खाली काढला. झाकण उघडताच साबणाचा वास आला.

आठ महिन्यांत वाडीत कोणी गेलं नव्हतं. तरी जाळीत फेस वाळून बसला होता आणि फेसात बारीक काळे केस. क्षणभर त्याला वाटलं, इतक्या जणांच्या दाढ्या केल्या, त्यांतलाच कोणी येऊन आपली उरकून गेला. मग त्यानं आपल्या हनुवटीवरून हात फिरवला. त्याचे खुंट पांढरे होते. घरात काळी दाढी एकाचीच.

त्यानं फोन लावला. एल्रॉय विमानतळावर होता, खुशीत होता. ट्रिमर बॅगेत गेला होता, मोरीतला रेझर बघून शिसारी आली, पातं शोधताना कपाटात हा सापडला, डब्यात कोरी पातीही होती. एवढ्यात रिक्षा आली, म्हणून नुसता नळाखाली धरून ठेवून दिला.

"इतको बरो रेझर कपाटात कित्याक ठेवलंस, पप्पा?"

जपून राहा, एवढंच बाबुश म्हणाला. मागोमाग मोबाइलवर पोराचा फोटो आला. हसरा चेहरा, गुळगुळीत गाल. असे गुळगुळीत गाल त्यानं चाळीस वर्षं पेटीतच पाहिले होते. त्याला रडू फुटलं.

घरात माणसं तीन. त्यांतलं एक जाणार. कुठलं, ते ठरवायचं असेल तर आत्ताच. पोराच्या केसांवर शेवटी ज्याचा केस वाळेल, मरण त्याच्याकडे वळेल, असं त्याला वाटलं.

त्यानं रेझर उघडला नाही, धुतलाही नाही. भर दुपारी अंगणात आरसा टेकवला, तोंडाला साबण लावला आणि पोराच्या केसांवर आपली पांढरी दाढी केली. हात कापला, हनुवटीला चीरही गेली. मग तो फेसाळलेला रेझर स्टुलावर ठेवून वाळायची वाट बघत बसला.

आपोलिना मासे साफ करून बाहेर आली. तो रेझर मळलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं विचारलं आणि बाबुशनं काही न लपवता सगळं सांगितलं.

"घरात आमी तिघा आसव. तू एकट्यानच ठरवलंस?"

पोरगं अजून तिशीचंही नाही, आपलं सगळं बघून झालं, असं काहीबाही बाबुश पुटपुटला.

"मगे मी खंय जाव?" तिनं विचारलं.

ह्याचा विचार त्यानं केलाच नव्हता. आपोलिनानं अंबाडा सोडला, एक लांब अर्धवट पांढरा केस उपटला आणि जाळीखाली तीन वेढे देऊन त्याचं टोक ओल्या फेसात दाबलं. बाबुशनं तिचा हात धरायला पाहिलं. तिनं तो बाजूला सारला, स्टूल उन्हात सरकवलं आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. रेझर वाळेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली.