शेवटच्या कडव्यातलं नाव

प्रीतम वानखेडे तसा भित्रा माणूस. परदेशात, जुरोंग आयलंडवरच्या कंपनीत इंजिनियर होता, पण एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्याचं, रिन्यूअल जवळ आलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. अशा माणसाने मालकाविरुद्ध गाणं रचावं, म्हणजे कमालच!

पण गाणं घरातलंच होतं. वडील यादवराव अकोल्याकडे भीमगीतांची पार्टी चालवत. इकडे क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये प्रीतमला नाद लागला तो अमेरिकन कंट्री गाण्यांचा. खाणीतले मजूर, ट्रक ड्रायव्हर, राबूनही पोट भरत नाही म्हणून मालकाला चार शब्द सुनावणारी माणसं. "हे तर बाबांचंच गाणं," तो बायकोला, अंजलीला म्हणायचा, "ढोलकीच्या जागी गिटार, एवढंच."

यंदा कंपनीने कंत्राटी मजुरांची दुपारची सुट्टी निम्म्यावर आणली. तापलेल्या टाकीवर चढणारी माणसं बघून प्रीतमला राहवलं नाही. त्याने कंट्रीच्या चालीवर इंग्रजीत गाणं जुळवलं: साहेबाच्या खुर्चीला गार वारा, आमच्या सावलीलाही घड्याळाचा पहारा. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये, सगळे आपलेच म्हणून, गाऊन मोकळा झाला. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. चेहरा नाही, नुसता आवाज, मागे बसची घरघर. बघता बघता गाणं मजुरांच्या डॉर्मिटरीत पोचलं आणि तिथून साहेबाच्या कानावर.

आणि इथेच त्याने माती खाल्ली होती. यादवरावांची शिकवण अशी, की ज्याचं गाणं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायलाच हवं, नाहीतर गाणं पोरकं. हाताला तीच सवय. शेवटच्या ओळीत प्रीतमने इमानदारीत स्वतःचं नाव घातलं होतं. इतका भित्रा माणूस, आणि गुन्ह्याखाली सही करून बसला!

मॅनेजरचं बोलावणं आलं तेव्हा त्याने अंजलीला फोन केला.

"गप्प बसा हो," ती कुजबुजली. "पास गेला तर पोरीचं काय? पुढच्या वर्षी जाईची ओ लेव्हलची परीक्षा आहे. काही कबूल करू नका."

काही कबूल करायचं नाही, असं घोकत तो केबिनमध्ये शिरला. पण मॅनेजर कोह चक्क हसले. ऑफिसात त्याला सगळे आडनावानेच ओळखत.

"वानखेडे, यू नो हिंदी, राइट? हेल्प मी ट्रान्सलेट, लाह."

समोर मांडीवर हेल्मेट घेऊन एक पिकल्या दाढीचा मजूर बसला होता. कंत्राटदाराच्या माणसांत प्रीतम नावाचा तेवढा एकच, प्रीतम मंडल. त्याला उद्याच परत पाठवायचं ठरत होतं.

प्रीतमला हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर आधी हायसंच वाटलं, आणि मग स्वतःची किळस आली.

"आस्क हिम, हिज साँग ऑर नॉट?"

प्रीतमने विचारलं. मंडलने हात जोडले. "साहब, मुझे तो अंग्रेज़ी आती ही नहीं. आप समझाइए ना इनको. आपकी बात मानेंगे."

"ही सेज ही डझंट नो इंग्लिश."

"ऑल ऑल्सो से लाइक दॅट," म्हणत कोहनी मोबाइलवर गाणं लावलं.

प्रीतमचाच आवाज केबिनभर झाला. मंडल खाली मान घालून ऐकत होता. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कडव्यामागून कडवं सरत होतं आणि प्रीतमच्या डोळ्यांपुढे जाईचा शाळेचा युनिफॉर्म येत होता. शेवटचं कडवं उरलं तेव्हा त्याने पुढे होऊन मोबाइल बंद केला.

"व्हाय यू स्टॉप?" कोह म्हणाले.

उत्तरादाखल प्रीतम ते उरलेलं कडवं स्वतःच गायला लागला. सूर पार गेलेला. पण शेवटच्या ओळीतलं नाव मात्र त्याने स्वच्छ उच्चारलं.