रहाटणी ते चाकण, व्हाया सहा गोळ्या

चाकणला मी सत्तावीस वर्षं जातोय, पण प्रवासाला म्हणून निघालो तो पहिल्यांदाच, गेल्या मे महिन्यात. एरवी कंपनीची बस रहाटणीच्या कोपऱ्यावर यायची, मी बसायचो, झोपायचो आणि गेटवर उठायचो. मधे काय लागतं ते मला ठाऊकच नव्हतं. पण हार्ट अटॅक येऊन गेला की सोसायटीच्या फाटकाबाहेरचा सगळाच मुलूख परका वाटायला लागतो. पंचवीसेक किलोमीटरचं काय प्रवासवर्णन लिहायचं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आधी सहा गोळ्या खाऊन बसने चाकणला जाऊन दाखवावं.

जाणं भाग होतं. मी अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग ओतणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. अडीच महिने रजेवर होतो. कंपनीच्या डॉक्टरांनी ‘कामावर येण्यास योग्य’ असं लिहून दिलं तरच पुन्हा गेटच्या आत पाऊल. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, आणि ती दोन वर्षं घरी बसून काढायची म्हणजे मी वेडा झालो असतो. माझ्या आधी सुलभा, माझी बायको, झाली असती.

आडवा येत होता तो खोकला. कफ नाही, ताप नाही, नुसती कोरडी ढास. दर दोन मिनिटांनी घशात कुणीतरी मोरपीस फिरवल्यासारखं. असा खोकत डॉक्टरांपुढे गेलो असतो तर त्यांनी फाईलसुद्धा उघडली नसती. आणि हा उद्योग सहापैकी कुठल्यातरी गोळीचाच असणार, याबद्दल माझी खात्री होती. अटॅकच्या आधी मी कधी खोकलो नव्हतो.

बाकीच्या गोळ्यांचीही आपापली तऱ्हा होती. एकीने नाडी इतकी सावकाश केली की भर उन्हाळ्यात हातपाय गार. एकीमुळे जरा कुठे आपटलं की वांग्याच्या रंगाचा डाग. एकीमुळे झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे. आणि पाण्याची गोळी! ती घेतल्यावर दोन तास माणसाने संडासाच्या पंचवीस पावलांच्या आत राहावं.

“अहो, ती पाण्याची गोळी आज तिकडे पोचल्यावर घ्या ना,” सुलभा दारात म्हणाली. “डॉक्टरांनाच विचारते हवं तर फोन करून.”

“काही विचारायला नको. वेळ म्हणजे वेळ. प्रोसेस बदलायची नसते,” मी ऐटीत म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

तिने पिशवी दिली. भाकरी, बिनमिठाची मुगाची उसळ, पाण्याची बाटली, फाईल, आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी. सोबत येते म्हणाली, मी नको म्हणालो. मी रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत ती गॅलरीत उभी होती.

भोसरीपर्यंत रिक्षा, आणि तिथून चाकणची बस. बसमध्ये कंडक्टरला पैसे देताना माझी बोटं त्याच्या हाताला लागली.

“काका, फ्रीजमधून आलात काय?” तो दचकून म्हणाला.

शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते, मांडीवर मेथीचं गाठोडं. मी खोकलो तसे ते वळले.

“कोरडा हाय ना? आडुळशाचा पाला घ्या. उकळून. आमी दुसरं काय घेत न्हाई.”

पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, ज्येष्ठमध चघळा. तिच्यापलीकडचा शिफ्टला निघालेला पोरगा म्हणाला, गरम पाण्यात हळद टाका, भाऊ. मी “हो, हो” म्हणत राहिलो. बस अजून भोसरीच्या पुलाखालून बाहेर पडली नव्हती आणि माझ्याजवळ तीन नवी औषधं झाली होती. भीक नको पण कुत्रा आवर!

पण मनातून मला हसूही येत होतं. या भल्या माणसांना काय माहीत, माझा इलाज सोमवारपासून सुरू आहे ते. खिशात माझी ट्रायलची वही होती. कारखान्यात पीस खराब यायला लागले की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो, म्हणजे दोषी कोण ते सापडतं. तेच मी गोळ्यांवर लावलं होतं. यादीतली एक नंबरची गोळी तीन दिवस बंद, खोकला मोजायचा, मग दोन नंबरची. सुलभा डबीत गोळ्या काढून ठेवायची. मी पाच गिळायचो आणि एक तळहातात राखायचो. राखलेली गोळी प्लास्टिकच्या छोट्या पुडीत घालून वर चिठ्ठी: ‘ट्रायल १, सोमवार’. काल ‘मंगळवार’. आज बुधवार. वहीत वेळेसकट खोकले लिहिलेले. इतकं स्वच्छ रेकॉर्ड आमच्या कंपनीतही कुणी ठेवत नाही.

नाशिक रस्त्यावर जे व्हायचं ते झालं. पुढे ट्रेलर, मागे कंटेनर, मधे आमची बस. मोशी हाकेच्या अंतरावर आणि बस हलेना. आणि पाण्याच्या गोळीने आपलं काम चोख बजावायला सुरुवात केली. मी आजोबांच्या गाठोड्यातल्या मेथीच्या जुड्या मोजल्या. पुढच्या ट्रेलरवरची सगळी अक्षरं वाचली. शेवटी झटकन उठलो, काजवे चमकले, दांडीवर कोपर आपटलं.

“काका, स्टॉप अजून पुढं आहे!” कंडक्टर ओरडला.

“तुझा स्टॉप पुढं आहे. माझा आला,” म्हणालो आणि उतरलो.

रस्त्याकडेला हॉटेल नव्हतं, पंप नव्हता. एक मोटरसायकलचं गॅरेज तेवढं होतं. दारात चाळिशी ओलांडलेला, दाढीत पांढरे केस आलेला माणूस चेन बसवत होता. मी काही बोलायच्या आत त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाना धरलेल्या हातानेच मागचं दार दाखवलं.

बाहेर आलो तेव्हा तो हसत होता. “पाण्याची गोळी चालू आहे ना? बसा, शिंदे साहेब.”

आणि मी त्याला ओळखलं. रफीक! अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे डायकास्टिंगला (वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून भरायच्या खात्यात) ऑपरेटर होता. एका सकाळी त्याने कुणाला न विचारता भट्टीचं तापमान वाढवलेलं मी पकडलं. सगळ्या शिफ्टसमोर ओरडलो होतो, “मशीन तुझ्या बापाचं आहे का?” वर मेमो दिला, तीन दिवस घरी बसवलं. तो पुन्हा आलाच नाही. मला ओशाळल्यासारखं झालं, पण आता उठून जायचं तर पुन्हा काजवे.

“दोन वर्षांपूर्वी मला पण आला होता,” त्याने छातीवर हात ठेवला. “एक स्टेंट. तुम्हाला?”

“दोन.”

“सीनियर आहात, राव!”

कोरा चहा आला. आम्ही एकमेकांना कोपरं, पोटऱ्या, दंडावरचे डाग दाखवले. त्याचे गार हात, माझे गार हात. माझी उसळ त्याने चाखून पाहिली, तोंड वाकडं केलं, वर लिंबू पिळलं आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरली. “मिठाची आठवण येणार नाही. आमच्या घरातलीनं शोधलंय.” खरंच सांगतो, अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला जेवल्यासारखं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी खोकत खोकत वही काढली आणि माझी ट्रायल त्याला समजावून सांगितली. पुड्याही दाखवल्या.

रफीकने एक पुडी उजेडात धरली. त्याचं हसू गेलं.

“साहेब, ही रक्त पातळ करायची आहे. मी पण हीच घेतो. ही बंद केली तर स्टेंटमध्ये गाठ होते. मला तर डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने हाताला धरून तीनदा सांगितलं, एक दिवस चुकवायची नाही. तुम्हाला नाही सांगितलं?”

सांगितलं असणार. मी त्या वेळी वॉर्डातलं घड्याळ सहा मिनिटं मागे आहे ते बघत होतो.

“डेव्हिएशन कुणी साईन केलं?” त्याने विचारलं. डेव्हिएशन म्हणजे ठरलेली पद्धत बदलायची लेखी परवानगी. तिच्याशिवाय आमच्याकडे एक बटणसुद्धा फिरवायचं नाही, असं मी सत्तावीस वर्षं ओरडून सांगत आलोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

चेष्टा नव्हती ती. मी घाबरलो. छाती दुखत नव्हती, पण आता दुखेल असं वाटायला लागलं. तीन दिवस मी सुलभासमोर बसून पाणी पीत होतो आणि एक गोळी मुठीत दाबत होतो. काही झालं असतं तर तिला कळलंही नसतं की का झालं. मला भयंकर लाज वाटली.

रफीकने माझ्या फाईलवरचा हॉस्पिटलचा नंबर लावून फोन माझ्या कानाला धरला. तिकडच्या डॉक्टरने विचारलं, छातीत दुखतंय? दम लागतोय? घाम? नाही म्हणालो. “मग आजची गोळी आत्ता, माझ्यासमोर घ्या. मागच्या दोन एकदम घेऊ नका. उद्या सकाळी इथे या. मधे काही वाटलं तर लगेच या, वाट बघत बसू नका. आणि आज एकटे फिरू नका.” फोनवर ‘माझ्यासमोर’ कसं घेणार? पण मी घेतली, आणि रफीकने “घेतली, डॉक्टर, मी बघितली” अशी साक्ष दिली.

मग त्याने गॅरेजचं शटर खाली ओढलं. “चला, चाकणला सोडतो. एकटे फिरू नका म्हणालेत ना?”

असा माझा पुढचा प्रवास स्कूटरवरून झाला. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल. सत्तावीस वर्षांत ती नदी मी उघड्या डोळ्यांनी प्रथमच पाहिली. जलपर्णी इतकी दाट की नदी म्हणून दाखवायला पाणी शोधावं लागत होतं. मग चिंबळी फाटा, कुरुळी, कंपन्यांच्या लांबच लांब भिंती, मधेच एखादा कांद्याच्या शेताचा तुकडा, गणवेशातल्या कामगारांचे घोळके. खड्डा आला की रफीक आधी ओरडून सांगायचा, “साहेब, धरा!” कंपनीच्या गेटवर त्याने स्कूटर बंद केली. आत यायला नको म्हणाला. समोरच्या टपरीवर बसला.

कंपनीच्या डॉक्टरबाईंपुढे मी खोकला दाबायचा बेत सोडून दिला. वही पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग गोळ्यांची यादी बघून म्हणाल्या, “खोकला बहुतेक या चार नंबरच्या बीपीच्या गोळीचा आहे. पुष्कळांना होतो. हार्टच्या डॉक्टरांना सांगितलंत तर ते बदलून देतील. सांगितलंत का?”

“नाही.”

“मग त्यांना कसं कळणार?” (तसंच झालं. गोळी बदलली, तीनेक आठवड्यांत खोकला पळाला. माझ्या ट्रायलच्या हिशोबाने मी त्या गोळीपर्यंत पुढच्या आठवड्यात पोचलो असतो. पोचलो असतो तर.) सर्टिफिकेट मिळालं नाही. पंधरा दिवसांनी या म्हणाल्या. आश्चर्य म्हणजे मला वाईट वाटलं नाही.

बाहेर टपरीवर रफीक गेटकडे बघत बसला होता. मी शेजारी बसलो. अकरा वर्षं जो प्रश्न मला सुचला नव्हता, तो मी विचारला.

“रफीक, त्या दिवशी तापमान का वाढवलं होतंस?”

त्याला आठवायला वेळ लागला नाही. “फर्स्ट शिफ्टला डाय थंड असायची, साहेब. पहिले तीस-चाळीस पीस रिजेक्ट जायचे. म्हटलं पहिला अर्धा तास दहा डिग्री वाढवून बघू. पाच दिवस बघितलं होतं. रिजेक्ट कमी झाले होते. वहीत लिहिलं होतं सगळं.”

“वहीत? मग ती दाखवली का नाहीस?”

“खिशातच होती,” तो म्हणाला. “तुम्ही मागितली नाही.”

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, परवानगी तर मी पण घेतली नव्हती, साहेब, तिथं तुमचं बरोबर होतं. आणि गॅरेज टाकलं ते बरंच झालं, तिथली मशीनं माझ्या बापाचीच आहेत. दोघंही हसलो. माझ्या चहात साखर जास्त होती, तो त्याने बदलून आणला.

भोसरीला त्याने मला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला “हळू ने, भावा, पेशंट आहे” म्हणून बजावलं. घरी पोचलो तर सुलभा गॅलरीत. सकाळी होती तिथेच.

“मिळालं का सर्टिफिकेट?”

मी टेबलावर वही ठेवली. शेजारी दोन पुड्या, सोमवार आणि मंगळवार, आणि बुधवारची रिकामी. म्हटलं, “तू विचारायच्या आत दाखवतो.”

तिने चिठ्ठ्या वाचल्या. चष्मा लावून खुर्चीवर बसली आणि वही पहिल्या पानापासून उघडली. सोमवार, सकाळी सात दहा, खोकला दोनदा. सात चौदा, एकदा. मी समोर उभा होतो, मेमो मिळणाऱ्या माणसासारखा. एका ठिकाणी तिचे डोळे भरले, तिने पदराने टिपले आणि पान उलटलं.

तिने वही शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि मगच माझ्यावर ओरडली.