देवी नव्हे, कौशी

पुलाखाली कुणी नारळ फोडला, की गोदामावशी झाडू घेऊन घराबाहेर पडायची. कमानीच्या पायथ्याशी शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याच्यापुढची फुलं, खोबरं, हिरव्या बांगड्या ती सरळ नदीत लोटायची. लोक तिला वेडी म्हणत. ती आमची शेजारीण. मला सगळ्या शहरात तीच शहाणी वाटायची.

काँक्रीटचा तो कमानपूल बांधायला मेडशीहून दोघी बहिणी मजुरीवर आल्या होत्या, गोदा आणि धाकटी कौशी. कमान ओतायच्या दिवशी घमेलं घेऊन चढताना कौशीच्या पायाखालची फळी मोडली. ती खाली खडकावर पडली. फळी सडकी आहे, हे मुकादमाला सकाळीच सांगितलं होतं. पण ओतकाम मध्ये थांबलं तर कमानीत कच्चा सांधा राहतो, म्हणून काम थांबवलं नाही, ती पडल्यावरही नाही.

"कौशी खाली पडेल होती अन् मी वर घमेले वाहून राह्यली होती," मावशी सांगायची.

लोकांनी काय केलं? पूल बळी मागतो म्हणे. त्यानं तो घेतला, आता तो टिकणार! मुकादम सुटला, ठेकेदार सुटला आणि कौशीची देवी झाली. नव्या सुना तिची ओटी भरू लागल्या. मजुराचं मरण पचवायची आपली रीत हीच. आधी मारायचं, मग शेंदूर फासायचा.

कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ एकदा म्हणाले, "मावशी, देवीले काहून शिव्या देता?"

"देवीले कोण देते? तुमाले देऊन राह्यली. माही बहीण माणूस झाली, तर तुमचे नारळ कोण घेईन?"

शेठ हसले. मावशी हसली नाही.

पुढे पुलाच्या सळया उघड्या पडल्या, जड गाड्या बंद झाल्या, शेजारी नवा पूल उभा राहिला. जुना पाडण्याआधी दगड वाजतगाजत नव्या पुलाखाली न्यायचं ठरलं. मावशी माझ्याकडे छापखान्यात आली.

"तू कागदं छापतं ना बे? मंग लिही. तिचं नाव कौशी होतं. फळी सडकी होती. बस, एवढंच."

मी पत्रक छापलं, चौकात वाटलं. लोकांनी त्यात खोबरं बांधून नेलं.

मिरवणूक आली तेव्हा मावशी दगडाला मिठी मारून बसली होती. पदरानं शेंदूर खरवडत ओरडत होती, "दगड हाय हा! कौशी नाही!" दोन पोरांनी तिला अलगद उचलून बाजूला ठेवलं. एकानं तर तिच्या पाया पडून माफी मागितली. त्यानंतर तिनं झाडू हातात घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. हिवाळ्यात गेली.

तेरवी झाल्यावर मी नव्या पुलाखाली गेलो. दगडाशेजारी आणखी एक दगड मांडलेला होता, शेंदूर अजून ओला. एका बाईनं माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"घे बाबू," ती म्हणाली, "थोरलीचा प्रसाद हाय."